नेट अडकतंय का तुझं

भाचीनं मामाला त्या खेळात ओढलं ते निव्वळ एक माणूस कमी पडत होतं म्हणून. खेळायला चौघं लागायची, हे तिघंच उरले होते.

"मामा, रविवारी दुपारी काय करतोस तू?"

"का-काही नाही."

"मग ये आमच्यात. काही येत नसलं तरी चालेल. पळता आलं म्हणजे झालं."

मामा एकेचाळीस वर्षांचा, एकटा राहणारा, कवळ्या बनवणारा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे त्याच्या टेबलावर यायचे. त्यावर मेणात एकेक दात रोवायचा, घासायचा, हिरड्यांचा रंग जुळवायचा आणि अशी कवळी तयार करायचा की घालणाऱ्यालाच तिचा विसर पडावा. हात असा चालायचा की बघत राहावं. जीभ मात्र लहानपणापासून रुसलेली. शब्दाच्या पहिल्याच अक्षराला गाडी अडायची, आणि 'द' आणि 'म' तर त्याचे जन्माचे वैरी. स्वतःला 'मामा' म्हणवून घ्यायला त्याला आवडायचं, पण तो शब्द स्वतः उच्चारायची वेळ आली की घाम फुटायचा. त्यानं आयुष्यच असं बेतून घेतलं होतं की बोलावं कमी लागेल. कामाच्या ठिकाणी फोन वाजला की त्याला नेमके हात धुवायला जायचं असायचं. दुकानात गेला की बोटानं दाखवता येईल तीच वस्तू घ्यायचा.

एका भाचीशी मात्र तो मोकळा होता. ती लहान असताना तो तिला गोष्टी सांगायचा, आणि गोष्टी अशाच थांबत थांबत सांगायच्या असतात असं तिला शाळेत जाईपर्यंत वाटायचं. आता ती एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात जायची, आणि मामाला अरेतुरे करायची.

खेळाचं नाव 'सोंग'. आपापल्या घरून, कॉम्प्युटरवर नेटवरून खेळायचा. एक बंद पडलेलं सहा मजली हॉटेल. चौघांनी मिळून तीन फ्यूज शोधायचे, तळघरातल्या जनरेटरला बसवायचे, की लिफ्ट चालू होते आणि सुटका. पण हॉटेलात आणखी कुणीतरी फिरत असतं. त्याला चेहरा नसतो. त्यानं एखाद्याला गाठलं की तो माणूस मरत नाही, बदलतो. त्याचा चेहरा, कपडे, चाल, सगळं तसंच राहतं, फक्त आतला खेळणारा बाजूला पडतो. त्याला आपल्याच डोळ्यांतून दिसतं, आपल्याच कानांनी ऐकू येतं, पण हातपाय सोंगाच्या ताब्यात, आणि त्याचं स्वतःचं बोलणं बाकीच्यांपर्यंत पोचत नाही. आणि सोंग त्याच्याच आवाजात बोलतं. सुरुवातीला चौघं एकमेकांशी जे बोललेले असतात, त्यावरून खेळाचं यंत्र आवाज शिकून घेतं आणि नवी वाक्यं जुळवतं. मग ते सोंग बंद दाराशी येऊन म्हणतं, उघडा, मी आहे. दार उघडलं तर आतले सगळे गेले. नाही उघडलं आणि बाहेर खरंच आपलं माणूस असलं, तर ते गेलं.

बदललेल्याला परत आणता येतं, डावात एकदाच. जिवंत असलेल्या कुणीतरी त्याच्या अगदी जवळ उभं राहून वीस सेकंद त्याच्या तोंडावर टॉर्च धरायचा आणि त्याच वेळी आतल्यानं एक बटण दाबत राहायचं. त्या बटणाला सगळे झटका म्हणत. प्रत्येक दाबण्यासरशी सोंगाच्या अंगाला हिसका बसतो, म्हणजे आतलं माणूस अजून हार मानत नाहीये हे बाहेरच्यांना कळतं. डाव संपला की कुणी किती झटके दिले याचा तक्ता समोर येतो.

नाव घ्यायचं होतं म्हणून मामानं 'कवळी' असं लिहून टाकलं. भाची होती 'पेन्सिल'. तिसरा एक लिफ्ट दुरुस्त करणारा गडी, त्याला सगळे लिफ्टवालाच म्हणत. प्रत्यक्षात त्याला कुणीच पाहिलेलं नव्हतं. खेळातली लिफ्ट बघून त्याचा दर वेळी जीव खालीवर व्हायचा. "असला दरवाजा जगात कुठल्या लिफ्टला नसतो," असं म्हणत तो तिच्यात शिरायचा. आणि चौथ्या बाई. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. अंधाऱ्या हॉटेलातसुद्धा त्या "डावीकडून चला, गर्दी करू नका" अशा वर्गातल्याच आवाजात सांगायच्या.

पहिले दोन रविवार मामानं तोंडच उघडलं नाही. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. गप्प माणसाचा काय भरवसा? त्याला दाराबाहेर ठेवायचे आणि सोंग येऊन त्याला गाठायचं. सोंगालाही त्याचा काही उपयोग नव्हता. आवाजच शिकायला मिळाला नव्हता, त्यामुळे ते बिचारं मुकाट्यानं जिने चढत-उतरत राहायचं.

"बोलावं लागतं रे थोडं," भाचीनं फोन करून सांगितलं. "दोन शब्द बोललास तरी पुरे."

तिसऱ्या रविवारी तो बोलला. दुसऱ्या मजल्यावर एक फ्यूज दिसला तेव्हा म्हणाला, "दु-दु-दुसऱ्या म-म... मजल्यावर आहे."

"अरे, नेट अडकतंय का तुझं?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

मामाला इतकी सोपी वाट आयुष्यात कुणी दाखवली नव्हती.

"हो," तो म्हणाला. "ने-नेट."

भाचीनं हे ऐकलं. तिनं ते तसंच राहू दिलं. त्यानंतर मामा बिनधास्त झाला. शब्द अडला की लिफ्टवालाच म्हणायचा, थांब, याचं अडकलं परत. आणि सगळे थांबायचे, कुरकुर न करता, कारण नेटवर कोण रागावणार?

त्याच डावात तिसऱ्या मजल्यावरच्या धोबीखान्यात सोंगानं त्याला गाठलं. पडदा लाल झाला, मग निवळला. त्याचे पाय आपोआप चालू लागले. तो जिना उतरला, बाकीचे ज्या खोलीत लपले होते तिच्या दाराशी येऊन थांबला. आणि मग त्याच्या कानात त्याचाच आवाज आला.

"दार उघडा. माझ्याकडे फ्यूज आहे. दोघांना पुरेल एवढी बॅटरी आहे, पण मला इथे एकट्याला थांबवत नाही."

मामाचे हात टेबलावरून खाली आले. 'द' आला आणि गेला. 'म' आला आणि गेला. आवाज त्याचाच होता, थोडा घोगरा, शेवटाला खाली उतरणारा. फक्त त्यात एकही खाच नव्हती. यंत्राला त्याचं अडखळणं म्हणजे आवाजातला कचरा वाटला असणार. त्यानं तो गाळून टाकला होता.

"आज नेट बरं दिसतंय याचं," आतून लिफ्टवाला म्हणाला आणि त्यानं दार उघडलं.

पुढच्या मिनिटाला सगळे गेले. लिफ्टवाल्यानं स्वतःला चार शिव्या घातल्या, बाई म्हणाल्या की पुढच्या वेळी घाई करायची नाही. मामाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला पुन्हा ऐकायचं होतं.

इथून त्याचं खेळणं बदललं. फ्यूज शोधायचं नाटक करत तो तिसऱ्या मजल्याकडे सटकायचा आणि धोबीखान्यात जाऊन उभा राहायचा, एखाद्यानं पाहुण्याची वाट बघावी तसा. पण नुसतं पकडलं जाऊन भागत नव्हतं. आधी तो जितकं बोलेल तितकं सोंग नंतर चांगलं बोलायचं, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. म्हणून डावाची पहिली दहा मिनिटं तो भरभरून बोलू लागला. बाईंना त्यांच्या झाडांबद्दल विचारायचा. लिफ्टवाल्याला मेणाचे दात कसे बसवतात ते सांगायचा. एका वाक्याला अर्धं मिनिट लागलं तरी सोडायचा नाही. आयुष्यात तो इतका कुणाशी बोलला नव्हता, आणि गंमत अशी की हे त्याच्या लक्षातच येत नव्हतं. त्याचा सगळा जीव पुढं येणाऱ्या त्या दुसऱ्या आवाजात अडकलेला.

"राउटर बदल रे," लिफ्टवाला दर आठवड्याला सांगायचा.

"ब-बदलला," मामा सांगायचा.

सोंग बोलू लागलं की तो मोबाइल कानावरच्या हेडफोनशी धरून आवाज टिपून घ्यायचा. अशी अकरा वाक्यं साठली. कवळ्या घासताना तो ती कानात लावून ऐकायचा. वाक्यं सगळी दार, बॅटरी आणि अंधाराचीच होती, पण त्यानं काय बिघडलं? अजून थोडा सराव केला, तर हे आपल्या तोंडून येईल, असंही त्याला एकदा वाटलं. कामाची खोली रिकामी असताना त्यानं त्या आवाजाच्या मागोमाग म्हणून पाहिलं. आवाज पुढं निघून गेला आणि तो पहिल्या 'द'शीच राहिला.

झटका देणारं बटण त्यानं एकदाही दाबलं नव्हतं, आणि तक्त्यात ते दिसत होतं. कवळी, शून्य. सलग पाच रविवार शून्य.

त्यानंतरच्या शनिवारी तो बहिणीकडे जेवायला गेला. जेवणं झाली, ताई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. भाची स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. मामानंही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"तू मुद्दाम पकडला जातोस," भाची म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

मामानं एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग खिशातून मोबाइल काढला, एक इयरफोन तिच्या हातात दिला आणि लावलं. सगळी अकरा वाक्यं. ती ऐकत असताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आपल्या हातची उत्तम कवळी एखाद्याला पहिल्यांदा घालायला द्यावी आणि आरशात तो काय म्हणतो याची वाट बघावी, तसा.

तिनं इयरफोन काढून ओट्यावर ठेवला.

"मला हा आवाज आवडत नाही, मामा. हा बोलायला लागला की मी कडी लावते. पहिल्या दिवसापासून. दर वेळी उघडतो तो लिफ्टवाला."

"त्याला कुठं म-माहीत आहे."

"तेच म्हणतेय मी. मला माहीत आहे ना. तू असा नाही बोलत. म्हणून मला लगेच कळतं की हा तू नाहीस."

तिला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो. मामानं मात्र पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाला, "म्हणजे उद्या मी नी-नीट बोलायला लागलो, तर तू म-म-मला दार उघडणार नाहीस."

"तसं नाही रे..."

"तू आत्ता तसंच म्हणालीस."

हे वाक्य त्याच्या तोंडून एका दमात आलं, आणि ते दोघांनाही जाणवलं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बघून सोललेल्याच शेंगा पुन्हा चाचपत राहिली. ताई गच्चीवरून रिकामी बादली घेऊन आली आणि म्हणाली, "एवढे गप्प का दोघं?" मामा म्हणाला, जातो, आणि निघाला.

दोन रविवार तो खेळला नाही. पहिल्या रविवारी त्यानं खोली आवरली. दुसऱ्या रविवारी आवरायला काही उरलं नव्हतं. चार वाजता त्याला वाटलं, आत्ता बाई सगळ्यांना रांगेत उभं करत असतील. त्यानं ती अकरा वाक्यं लावली. दार उघडा, मला इथे एकट्याला थांबवत नाही. रिकाम्या खोलीत ते वाक्य त्याला नको तितकं खरं वाटलं आणि त्यानं बंद करून टाकलं. वाक्य सुंदर होतं, पण त्या आवाजाला बाईंच्या झाडांचं काही माहीत नव्हतं. लिफ्टवाल्याच्या धाकटीला दात येतायत, हेही माहीत नव्हतं. हे सगळं ज्याला माहीत होतं, तो 'द'ला अडणारा माणूस होता.

बुधवारी भाचीचा निरोप आला. "मी चुकीचं बोलले. तू कसाही बोल, मी ओळखेन. थोडा वेळ लागेल कदाचित, पण ओळखेन. रविवारी ये."

त्यानं लिहिलं, "येतो." लिहिताना तो कधीच अडायचा नाही.

रविवारी डाव सुरू व्हायच्या आधी चौघं हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे होते. इथं सोंग येत नाही, लोक गप्पा मारतात.

"आला का कवळी? आम्हाला वाटलं, नेट कायमचं गेलं तुझं," लिफ्टवाला म्हणाला.

मामानं तोंडाजवळचा माइक नीट केला.

"ने-नेट नाही ते," तो म्हणाला. "नेट च-चांगलं आहे. मी... मी अ-असाच बोलतो. लहानपणापासून."

कुणाच्या तरी घरातला पंखा तेवढा ऐकू येत होता. मामाला वाटलं, झालं, आता सगळे त्या एका ठरावीक समजूतदार आवाजात बोलायला लागणार.

"म्हणजे," लिफ्टवाला सावकाश म्हणाला, "इतके दिवस मी तुला राउटर बदलायला लावतोय, ते?"

"न-नाही बदलला."

"मी माझ्या सासऱ्यांना तुझं उदाहरण दिलं रे. म्हटलं, आमच्या ओळखीत एकानं बदलला तरी फरक पडला नाही, तुम्ही बदलू नका. त्यांचं नेट अजून बंद आहे."

आधी हसू फुटलं ते बाईंना. मग भाचीला. मग मामाही हसला, आणि हसण्यात काही अडत नाही.

"मला वाटलंच होतं," हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "वर्गात दोघे-तिघे होते माझ्या. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हणून गप्प बसले. चला आता, फ्यूज शोधायचे आहेत."

त्या दिवशी मामा धोबीखान्याकडे फिरकलासुद्धा नाही. तरी सोंगानं त्याला गाठलंच, तळघराच्या जिन्यावर, हातात तिसरा फ्यूज असताना. पडदा लाल झाला, निवळला, आणि त्याचं शरीर त्या ओळखीच्या दाराशी जाऊन उभं राहिलं.

"मी आहे. फ्यूज मिळालाय. दार उघडा," तो गुळगुळीत आवाज म्हणाला.

"कवळी?" आतून लिफ्टवाला.

"हो, मीच. लवकर उघड."

"नाही उघडत, जा," लिफ्टवाला म्हणाला.

मामाला बरं वाटलं, आणि एक बारीकशी कळही आली. काही झालं तरी तो आवाज त्यानं महिनाभर जपला होता. पण त्याचं बोट बटणावर गेलं होतं. त्यानं दाबलं. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या अंगाला हिसका बसला. पुन्हा दाबलं. पुन्हा हिसका.

"तो आत आहे," भाची दाराच्या फटीतून बघून ओरडली. "तो झटके देतोय. मी जाते."

"एकटीनं जायचं नाही," बाई म्हणाल्या, पण तोवर ती कडी काढून बाहेर पडली होती आणि दार मागे लागलं होतं. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली, हाताच्या अंतरावर, टॉर्च थेट त्याच्या डोळ्यांवर. वीस सेकंद. मामा बटण दाबत राहिला. सोंगाचा हात तिच्या गळ्याकडे निघायचा, हिसका बसायचा, हात मागे जायचा. बोट दुखायला लागलं. सोळा. सतरा. अठराव्या सेकंदाला तिची बॅटरी संपली.

दोघंही गेले. उरलेल्या दोघांनाही फ्यूजशिवाय बाहेर पडता आलं नाही. तक्ता आला. कवळी, झटके एकशेबारा. आजवर त्या चौघांत इतके कुणी दिले नव्हते.

"बॅटरी बघून यायचं ना," मामा म्हणाला.

"तू किती वेळ दा-दाबशील हे कुठं माहीत होतं मला," भाची म्हणाली. घाईत तिचाही शब्द अडला होता. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही सोडून दिलं.

नंतर ते चौघं नेमानं खेळत राहिले. कधी सुटायचे, बहुतेकदा नाही. मामाकडची अकरा वाक्यं मोबाइलमध्ये तशीच होती, पण आता तो ती क्वचितच लावायचा. सोंग त्याच्या आवाजात दाराशी आलं की लिफ्टवाला आतून खुशाल गप्पा मारायचा त्याच्याशी. कारण ते इतकं सफाईदार बोलायचं की फसायची सोयच नव्हती.

पुढच्या महिन्यात खेळ बनवणाऱ्यांनी त्यात काही बदल केले. बदलांची यादी लांबलचक होती, कुणी ती वाचली नाही. त्या रविवारी चौथ्या मजल्यावर मामा पकडला गेला. बोट बटणावर ठेवून तो तयारीत बसला. सोंग दाराशी पोचलं आणि बोललं.

"दा-दार उघडा. मा... माझ्याकडे फ्यूज आहे."

मामाचं बोट होतं तिथंच राहिलं. यंत्र आता काही गाळत नव्हतं. त्याचा 'द', त्याचा 'म', मधला तो श्वास, सगळं जसंच्या तसं बाहेरून त्याच्या कानांवर आलं. असं ते त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. फोनवर टिपलेला स्वतःचा आवाज तो नेहमी पहिल्या अक्षरालाच बंद करायचा. बोलताना त्याला वाटायचं, शब्द अडला की युगं लोटतात, समोरचा माणूस घड्याळ बघतोय, खोलीतले सगळे श्वास रोखून आहेत. आणि बाहेरून ऐकलं तर ते होतं जेमतेम एवढंसं. पायरीवर पाय अडखळावा आणि माणसानं पुढं चालू लागावं, तितकंच. त्यानं मनात पुन्हा मोजून पाहिलं. सेकंदभर, फार तर दीड. बाकी आवाज साधा, घोगरा, एका बऱ्या माणसाचा.

"अरे, हा आपलाच आहे," आतून लिफ्टवाला म्हणाला. "ऐका ना, अडतोय."

"थांबा, काहीतरी विचारा त्याला आधी," भाची म्हणाली. पण लिफ्टवाल्यानं मोठ्या प्रेमानं दार उघडलं होतं.

मिनिटभरात सगळे गेले. दिवाणखान्यात परत जमल्यावर भाचीनं लिफ्टवाल्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि बाई म्हणाल्या की आता प्रत्येकाला एकेक प्रश्न ठरवून ठेवावा लागेल.

"मी काय करू?" लिफ्टवाला म्हणाला. "शपथेवर सांगतो, मला वाटलं कवळीच आहे."

"म-मलाही," मामा म्हणाला. "क्षणभर म-मलाही तसंच वाटलं."